घरी थांबायला ऐपत लागते

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि दोन दिवस देशभर आपलं शहर गाजलं. व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, दिल्लीच्या वाहिन्यांनी बातमी चालवली. मग हवामान विभागानं तपासून सांगितलं की सेन्सर बिघडला होता, शहराचं खरं तापमान त्याहून बरंच खाली होतं. सगळ्यांनी सुस्कारा टाकला आणि विषय तिथंच मिटला.

पण हे 'खरं तापमान' मोजतात कुठे? वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या रंगाची, झडपांची एक पेटी असते. जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, आजूबाजूला मोकळी जागा, आत हवा खेळती. तापमापी त्या पेटीत असते, म्हणजे पूर्ण सावलीत. पेपरात '४५.६' असं छापून येतं ते या पेटीतल्या हवेचं तापमान. नागपुरात त्या पेटीसारख्या जागेत राहणारे लोक आहेत: जाड भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर आणखी एक मजला, दारात कडुनिंब. आणि दहा बाय बाराच्या खोलीत, डोक्यावर टिन घेऊन राहणारेही आहेत. त्यांच्या खोलीत दुपारी तीन वाजता किती तापमान असतं, हे कुठल्याच पेपरात येत नाही.

हवामानबदलाची चर्चा बहुतेक वेळा आभाळाकडे बघून होते. किती अंश वाढले, किती मिलिमीटर पडला, समुद्र किती चढला. ते मोजायलाच हवं. मात्र एकाच शहरात, एकाच दिवशी, तेच ऊन एकाला नुसतं घामाघूम करतं आणि दुसऱ्याला मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात पोचवतं, त्याचं कारण आभाळात सापडत नाही. ते खाली जमिनीवर, पैशाच्या हिशोबात सापडतं.

या विषयाचे अभ्यासक जोखीम मोजताना तीन गोष्टी बघतात. संकट केवढं आहे. त्याच्या तावडीत कोण सापडतं. आणि सापडलेल्याची ते सोसण्याची, पुन्हा उभं राहण्याची ताकद किती. पहिली गोष्ट निसर्गाच्या हातात (आणि आता बरीचशी आपल्या धुराड्यांच्या हातात). दुसरी आणि तिसरी मात्र जवळजवळ पूर्णपणे माणसांनी ठरवलेल्या असतात. हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, जिला आयपीसीसी म्हणतात, तिच्या २०२२ च्या अहवालात एक आकडा आहे: २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळं यांत मरणाऱ्यांचं प्रमाण जगातल्या अतिदुबळ्या प्रदेशांत सुस्थितीतल्या प्रदेशांच्या १५ पट होतं. संकटं काही १५ पट मोठी नव्हती.

हे जगाचं झालं. आता आपल्या गावात येऊ आणि घरापासून सुरुवात करू.

विदर्भातली जुनी घरं कवेलूची, म्हणजे कौलांची. खाली मातीच्या भिंती, वर मातीचे कवेलू, त्यांच्या फटींतून हवा जाते-येते. असं घर उन्हाळ्यात बऱ्यापैकी गार राहतं, पण दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, माकडांनी फोडले की बदलावे लागतात, आणि ते काम जाणणारी माणसंही कमी झालीत. टिन एकदा टाकलं की टाकलं. स्वस्त, हलकं, गळत नाही. म्हणून वस्त्यांमध्ये कवेलू गेले आणि टिन आलं. गरिबाच्या दृष्टीनं हा निर्णय अजिबात चुकीचा नाही. फक्त त्याची किंमत मे महिन्यात कळते. पत्रा पातळ असतो, ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि ती धग खालच्या माणसांवर ओततो. हात लावायची सोय नसते. पत्रा निदान सूर्य मावळल्यावर लवकर निवतो, पण दिवसभर तापलेल्या विटेच्या भिंती, सिमेंटच्या गल्ल्या आणि डांबर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. दाटीवाटीच्या वस्तीत झाडं नाहीत, वारा नाही, त्यामुळे ती उष्णता तिथंच कोंडते.

ही रात्र फार महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आपलं शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहायला बघतं. दिवसभर घाम गाळून, हृदयाचे ठोके वाढवून, रक्त कातडीकडे ढकलून ते कसंबसं तोल सांभाळतं. या सगळ्याची भरपाई रात्रीच्या गारव्यात होते. रात्र गार झालीच नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकलेल्या हृदयानं आणि सुकलेल्या मूत्रपिंडांनी होते. शरीराचं आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं, माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली, की तो उष्माघात. आपल्याकडे म्हणतात ऊन लागलं. ऊन लागणं हा बहुतेकदा एका दुपारचा अपघात वाटतो, पण त्यामागे आधीच्या तीन-चार न निवलेल्या रात्री असतात. पूर्वी लोक अंगणात बाज टाकून झोपत. आता अंगण कुठंय? आणि असलं तरी तरण्या मुलींच्या आया त्यांना बाहेर झोपू देत नाहीत, म्हणजे आत कोंडमारा सोसायचा तो बायकांनीच.

मग कूलर का नाही लावत, असा प्रश्न येतो. नागपूर म्हणजे कूलरची राजधानी; एप्रिल लागला की नव्या ताट्या बसवायची घाई सुरू होते. कूलरचं साधं तत्त्व असं की ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा खेचली जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. मेमधली आपली हवा ठणठणीत कोरडी, म्हणून इथं कूलर मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. पण हे होण्यासाठी चार गोष्टी लागतात. कूलर खिडकीबाहेर लावायला खिडकी हवी. आत आलेली दमट हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी किंवा दार हवं; नाहीतर तासाभरात खोलीत नुसती चिकचिक होते आणि गारवा संपतो. दिवस-रात्र चालवायचा तर रोज पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागतं. आणि वीज, तीही न जाणारी. एका दाराच्या खोलीत कूलर दारातच ठेवावा लागतो, म्हणजे दार अडलं. पाणी टँकरचं असेल तर ते कूलरला घालायचं की पोरांच्या अंघोळीला, हा वाद रोजचा. शिवाय पत्र्याची भिंत, ओली जमीन, अर्थिंग नसलेली वायर आणि जुना लोखंडी कूलर हे सगळं एकत्र आलं की काय होतं, ते दर उन्हाळ्यात बातम्यांत वाचायला मिळतं. कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. ज्या यंत्रानं वाचवायचं, तेच गरीब घरात जास्त धोक्याचं ठरतं.

आणि एसी? एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती बाहेर फेकतो. गल्लीच्या एका बाजूला एसीवाल्यांचे फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला टिनाच्या खोल्या असतील, तर ती उष्णता कुणाकडे जाते हे सांगायला नको. आता त्या एसीची वीज कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून येते, आणि कोराडीची राख कुणाच्या शेतावर बसते, हा आणखी एक लांबचा विषय.

इथं एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 'त्यांना सवय असते हो. आपल्यालाच सहन होत नाही.' यात थोडं तथ्य आहे. उन्हात रोज काम केलं तर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं: घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. पण ही सवय म्हणजे मर्यादा थोडी वर सरकणं. मर्यादा नाहीशी होत नाही. रोजच्या अर्धवट झोपेनं, रक्ताच्या कमतरतेनं, उपचार न झालेल्या बीपी-शुगरनं ती पुन्हा खाली येते. सवयीचं कौतुक करणारे बहुधा स्वतः घरात बसून ते करतात.

उष्णतेची लाट आली की सरकारी सल्ला निघतो. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० च्या पुढे आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त झालं, किंवा सरळ ४५ ला पोचलं, की हवामान विभाग लाट जाहीर करतो. ४७ ला तीव्र लाट. सल्ला असा: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, पन्हं-ताक घ्या. सल्ला अगदी बरोबर आहे. तो पाळायला काय लागतं ते बघा.

नागपुरात सकाळी सात-साडेसातला मोठ्या चौकांत मजुरांचे ठिय्ये भरतात. डबा, फावडं, थापी घेऊन माणसं उभी असतात; गोंदिया-भंडाऱ्याची, बालाघाटची, छत्तीसगडची. मिस्त्री, हेल्पर, रेजा म्हणजे मजूर बायका. ठेकेदार येतो, बोट दाखवतो, पाच जण टेम्पोत चढतात, बाकीचे उभे. दहा वाजेपर्यंत कुणी उचललं नाही तर त्या दिवसाची सुट्टी, बिनपगारी. यांना सांगायचं की बारा ते चार घरी थांबा? 'घरी बसलो तं खाऊ काय जी?' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही.

हिशोब मांडूनच बघा. समजा रोजी ६०० रुपये आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, कडक उन्हाचे नऊ दिवस. ते नऊ दिवस सल्ला पाळून घरी थांबलं तर ५,४०० रुपये गेले. एवढ्यात खोलीचं भाडं आणि महिन्याचा किराणा बसतो. ऑफिसातला माणूस तेच नऊ दिवस थांबला तर त्याचा एक रुपया जात नाही. तो लॅपटॉप उघडून घरून काम करतो किंवा रजा टाकतो. दोघांना मिळालेला इशारा एकच, मोबाइलवर आलेला संदेशही एकच. एकाला त्याचा उपयोग करता येतो, दुसऱ्याला येत नाही. आणि बदलत्या हवामानात असे दिवस वाढत जाणार असतील, तर ही निवड दर वर्षी जास्त वेळा करावी लागणार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये अंदाज मांडला की २०३० पर्यंत भारतातले ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेमुळे वाया जातील, म्हणजे साधारण ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. हे तास कुणाच्या पगारातून कापले जातील, ते ठिय्यावर विचारायची गरज नाही.

रेजांची गोष्ट यात आणखी वेगळी आहे. बांधकामावर बायकांसाठी संडास नसतो. म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. भर मेमध्ये, डोक्यावर घमेलं घेऊन, मुद्दाम तहान मारून. मूत्रमार्गाचे आजार, चक्कर, मूतखडे हे त्यामागून येतात. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा संडास नसतो. घरी परतल्यावर त्याच बाईनं टिनाखाली चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभं राहून पोळ्या करायच्या असतात, ते वेगळंच.

पाण्याबद्दल थोडक्यात. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, तोतलाडोह धरण आटलं आणि महापालिकेनं काही दिवस एक दिवसाआड पाणी दिलं. ज्यांच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी, खाली जमिनीत टाकी आणि आवारात बोअरवेल, त्यांना बातमी वाचून कळलं. ज्यांच्याकडे साठवायला चार हंडे-गुंड आणि एक निळा ड्रम, त्यांना एक दिवसाआड म्हणजे खरोखरच एक दिवस कोरडा. आणि ड्रममध्ये उघडं साठवलेलं पाणी आठवडाभर राहिलं की त्यात डेंगीचे डास तयार होतात. म्हणजे टंचाईतून आजार, आजारातून दवाखान्याचं बिल, बुडालेली रोजी. एका संकटाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात.

आता पुराकडे येतो, कारण 'गरिबालाच फटका बसतो' हे वाक्य तिथं नीट तपासून घ्यावं लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि उजाडायच्या आत शहराचा पश्चिम-मध्य भाग पाण्याखाली. चार जणांचा जीव गेला, हजारो घरांत पाणी शिरलं, बोटी आणाव्या लागल्या, लष्कराची मदत घ्यावी लागली. आणि सगळ्यात जोराचा फटका बसलेल्यांत अंबाझरी लेआउट, वर्मा लेआउट, शंकरनगर असे सुस्थितीतले भागही होते. बंगल्यांच्या तळमजल्यांत छातीभर पाणी, गाड्या तरंगत होत्या. रुपयांत मोजलं तर एकेका बंगल्याचं नुकसान अख्ख्या झोपडपट्टीच्या गल्लीपेक्षा जास्त निघालं असेल.

म्हणजे पाणी भेदभाव करत नाही? त्या पहाटे फारसा केला नाही. भेदभाव पाणी ओसरल्यावर सुरू होतो.

बंगल्यातल्या माणसाची गाडी विम्याची होती. पुष्कळांना वरचा मजला होता, नसला तर धरमपेठेत भाऊ, मनीषनगरात मुलगी. बँकेत पैसे होते, पगार चालू होता. फ्रिज गेला, सोफा गेला, मनस्ताप अपार झाला, आणि सहा महिन्यांत घर पुन्हा लागलं. आता नाल्याकाठच्या खोलीत बघा. गेलं काय? गहू-तांदूळ, गाद्या, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं, भाड्यानं आणलेली भाजीची गाडी. सगळ्याची किंमत तीस-चाळीस हजार. सरकारी पंचनाम्यात हा किरकोळ आकडा. पण त्या कुटुंबाच्या वर्षभराच्या साऱ्या बचतीहून तो मोठा, आणि त्यात कमावायची साधनंच गेली. शिलाई मशीन बुडालं की नुसतं मशीन जात नाही, पुढच्या महिन्याचं उत्पन्नही जातं. म्हणून नुकसान फक्त रुपयांत मोजणं फसवं असतं. त्या मापानं गरिबाचं नुकसान नेहमीच छोटं दिसतं, कारण त्याच्याकडे गमवायलाच कमी असतं.

सरकारनं त्या वेळी घरांना दहा हजार, दुकानांना पन्नास हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना दहा हजारांपर्यंत मदत जाहीर केली. मदत होती, ती तातडीनं जाहीर झाली, हे नोंदवायला हवं. पण मदत घ्यायला माणूस कागदावर असावा लागतो. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा घरमालकाचं नाव लिहून गेला, भाडेकरू कामावर. आधार आणि राशनकार्ड भिजून लगदा झालेलं. बँकेचं खातं गावाकडचं. असे अडथळे एकेकटे छोटे. सगळे मिळून माणसाला यादीबाहेर ठेवायला पुरतात.

मग उरतं कर्ज. बचत गटाचं असेल तर बरं, नाहीतर आठवड्याच्या हप्त्याचं किंवा ओळखीच्या सावकाराचं. मंगळसूत्र गहाण जातं. हप्ते फेडता फेडता पुढचा उन्हाळा येतो, आणि तो आता आधीपेक्षा कमी ताकदीनं सोसायचा असतो: पत्रा बदलायचा राहिला, कूलर दुरुस्त करायचा राहिला, म्हाताऱ्याची बीपीची गोळी अधूनमधून बंद, मोठ्या पोराची शाळा सुटून तो ठिय्यावर. सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. गरिबीमुळे संकट जास्त लागतं आणि संकटामुळे गरिबी वाढते, पण फिरून माणूस जुन्या जागी येत नाही, प्रत्येक फेरीत एक पायरी खाली उतरतो. जागतिक बँकेनं २०१५ मध्येच म्हटलं होतं की वेळीच पावलं उचलली नाहीत तर हवामानबदल २०३० पर्यंत जगात आणखी १० कोटी लोकांना गरिबीत ढकलू शकतो. ढकलणं म्हणजे काय, ते असल्या हप्त्यांच्या डायरीत दिसतं.

'पण नाल्यात घर बांधता कशाला?' हाही नेहमीचा सवाल. कारण तिथंच जागा परवडते, आणि तिथून धुणीभांड्याची चार घरं, बाजार, ठिय्या चालत जाण्याच्या अंतरावर असतो. शहराबाहेर स्वस्त फ्लॅट मिळाला तरी रोजच्या ऑटोला रोजीतला मोठा हिस्सा जातो. गरीब माणूस पुराचा धोका ओळखत नाही असं नसतं; तो रोजच्या भुकेचा धोका आणि चार-पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा धोका यांची तुलना करतो आणि रोजचा टाळतो. त्याच्या जागी कुणीही हेच करेल. नागपुरात २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यांना 'कशाला' विचारण्यापेक्षा शहरानं त्यांच्यासाठी दुसरी कुठली जागा ठेवली होती, ते विचारावं.

इथंच मालकी पट्ट्याचा, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काच्या सरकारी कागदाचा, मुद्दा येतो, आणि मला तो हवामानाच्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वाटतो. ज्या जागेवरून कधीही हटवतील अशी धास्ती आहे, तिथं स्लॅब कोण टाकेल? जोतं दोन फूट उंच करायला लाखभर कोण घालेल? म्हणून वीस-वीस वर्षं 'तात्पुरतं' टिन राहतं. पट्टा हातात आला की लोक स्वतःच्या पैशानं पक्कं बांधतात, घरकुलाचं अनुदान मिळतं, बँक दारात उभी करते. नागपुरात पट्ट्यांसाठी वस्त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आहेत. त्या मोर्चांच्या फलकांवर 'हवामान' हा शब्द नसायचा, तरी उन्हा-पुरापासून संरक्षणाची ती आजवरची सगळ्यात ठोस मागणी होती.

गावाकडची बाजूही यालाच जोडलेली आहे. विदर्भातली बहुतेक शेती कोरडवाहू. मृगात पाऊस पडला म्हणून पेरलं आणि नंतर तीन आठवडे उघडीप पडली, की कापूस-सोयाबीनचं बी जळतं. दुबार पेरणी. ओलिताची सोय असलेला शेतकरी दोन पाणी देऊन पीक तगवतो. कोरडवाहूवाला पुन्हा उधारीनं बी आणतो. पाऊस एकच, खंड एकच, आणि एकाला दुप्पट खर्च. दोन-तीन वर्षं असं झालं की बैल विकले जातात आणि घरातला धडधाकट माणूस शहराची वाट धरतो. नागपूरच्या ठिय्यावर उभ्या असलेल्यांपैकी कित्येकांच्या मागे असं एखादं जळालेलं शिवार असतं. गावातल्या हवामानातून सुटून ते शहरातल्या उन्हात आणि नाल्याकाठी येतात.

सरकार काय करतं? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं, आणि २०१३ मध्ये तिथं उष्णतेचा कृती आराखडा आला. त्यापाठोपाठ नागपूरनंही आपला आराखडा केला: इशारे, दवाखान्यांत राखीव खाटा, पाणपोया, दुपारी बागा उघड्या ठेवणं, काही चौकांतले सिग्नल दुपारी बंद ठेवणं म्हणजे दुचाकीवाला उन्हात ताटकळू नये. हे सगळं उपयोगी आहे. पण यातलं बहुतेक एखाद्या दुपारपुरतं आहे. टिन, रोजी आणि पट्टा या तीन गोष्टींना आराखडा हात लावत नाही.

पैशाचंही तसंच. आपत्ती निवारण निधीतून मदतीस पात्र आपत्तींची राष्ट्रीय यादी असते. त्यात पूर, दुष्काळ, गारपीट आहे, हिमस्खलन आहे, थंडीची लाटही आहे. उष्णतेची लाट मात्र त्यात नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. राज्यं स्थानिक आपत्ती म्हणून निधीतले दहा टक्क्यांपर्यंत वापरू शकत, तेवढीच वाट. पुरात मृत्यू झाला तर वारसांना चार लाख. उन्हात झाला तर मुळात तो उन्हानं झाला हे सिद्ध करणं आलं. उष्माघाताची खूण शवविच्छेदनात सहज सापडत नाही. कागदावर 'हृदयक्रिया बंद' असं येतं. मे-जूनमध्ये फुटपाथवर सापडलेल्या अनोळखी मृतदेहांपुढे 'संशयित' लिहिलं जातं आणि मागे कुणी पाठपुरावा करणारं नसतं. मृत्यू मोजलाच गेला नाही तर त्याच्यावर खर्चही होत नाही.

गुजरातच्या सेवा या बायकांच्या संघटनेनं असंघटित कामगार स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला आहे. ठरलेल्या अंशांच्या वर पारा गेला की पंचनामा नाही, अर्ज नाही, थेट खात्यात पैसे. २०२४ मध्ये महाराष्ट्रासह तीन राज्यांतल्या पन्नास हजारांच्या आसपास बायकांना रक्कम मिळाली. रक्कम लहान आहे, दिवसाच्या रोजीएवढीही बहुतेक वेळा नाही, म्हणून मी याला तोडगा म्हणणार नाही. पण 'आज तू घरी थांब, तुझी रोजी बुडणार नाही' हे त्यातलं तत्त्व बरोबर जागी बोट ठेवतं. बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळामार्फत असं काही करता येईल. अडचण एवढीच की मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठिय्यावरचा मजूर रोज वेगळ्या ठेकेदाराकडे असतो. दाखल्याची अट सैल झाली तर यादी तयारच आहे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय टिनावरच करता येतो. पत्र्यावर चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारला की खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांत हा कार्यक्रम चालू आहे. एका खोलीचा खर्च एका कूलरपेक्षा कितीतरी कमी, वीज-पाणी शून्य. फक्त तो रंग मार्चमध्ये मारावा लागतो. महापालिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. नव्या वर्षाची मंजुरी, निविदा, कार्यादेश या क्रमानं गेलं तर रंगाचे डबे वस्तीत पोचेपर्यंत नवतपा लागलेला असतो, आणि तेव्हा त्या टिनावर कुणाला चढता येत नाही.